हिरव्या डोंगरावरची लाल रेघ

भूगर्भ विभागाच्या कचेरीत तिला सगळे रेघाताई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण तिथून ते खाली कधी उतरलं नाही. दिवसभर ती संगणकाच्या पडद्यावर रेघा ओढायची, पुसायची, केसभर इकडे-तिकडे सरकवायची. कोणी म्हणालं की एवढ्याशा रेघेनं काय बिघडतं, तर त्याला खुर्ची ओढून शेजारी बसवायची आणि काय बिघडतं ते चहा गार होईपर्यंत सांगायची. एकदा ऐकलेला माणूस पुन्हा तो प्रश्न काढत नसे.

रेघा होत्या जमिनीच्या पोटातल्या. खडक जिथे तुटून एकमेकांवरून सरकलेला असतो, त्याला पुस्तकात भ्रंश म्हणतात आणि कचेरीत फॉल्ट. नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी कोणीतरी त्याला विचारायचं, "काय, कुणाचा फॉल्ट काढायला आलात?" हा विनोद इतका जुना झाला होता की त्यावर आता फक्त नवा माणूसच हसत असे.

तरुणपणी रेघाताई हातोडी घेऊन डोंगर चढली होती. पुढे कचेरीत फॉल्टची माहिती साठवून ती चित्ररूपानं दाखवणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा वरिष्ठांनी त्याच्याकडे लांबून पाहिलं आणि प्रत्येकाला नेमकं दुसरं काम आठवलं. तिनं मात्र ते मांडीवर बाळ घ्यावं तसं घेतलं. जुने कागदी नकाशे एकेक करून त्यात भरले. कुठला फॉल्ट जमिनीवर कुठे दिसतो, बोअर मारली तेव्हा किती खोलीवर लागला, कुठल्या बाजूला झुकलाय, अलीकडच्या काळात हललाय की निपचित पडून आहे, सगळं. मग एक बटण दाबलं की पडद्यावर डोंगर उभा राहायचा. तो फिरवता यायचा, उलटा करता यायचा, कलिंगडाची फोड काढावी तसा कापून आतलं बघता यायचं. रंग तिनंच निवडले होते. डोंगर हिरवे, निपचित फॉल्ट तपकिरी, जागा फॉल्ट लालभडक. पाहुणे आले की संचालकबाई त्यांना हमखास तिच्या टेबलाशी आणायच्या.

आत्मविश्वास हा शब्द कोणी तिच्यासमोर काढला की तिला हसू यायचं. "मला माहीत असतं तेव्हा मी बोलते, नसतं तेव्हा विचारते," ती म्हणायची. "त्यात विश्वास कसला आलाय?"

अशा बाईची गाठ बोगदेसाहेबांशी पडली.

डोंगरापलीकडच्या धरणातून शहरात पाणी आणण्यासाठी एक बोगदा खणायचा होता. त्या कामाचे मुख्य अभियंता म्हणजे हे साहेब. उंच, सावकाश बोलणारे, हयातभर डोंगर पोखरत आलेले. बोगदेसाहेब हे नाव त्यांच्या माघारी चालायचं आणि त्यांना ते ठाऊक होतं. बोगद्याचा मार्ग त्यांनी आखून दिला होता, आणि भूगर्भ विभागानं त्यावर आपलं मत द्यायचं होतं.

पहिल्या बैठकीत रेघाताईनं भिंतीवर डोंगर उभा केला.

"ही लाल रेघ बघा, सर. जागा फॉल्ट आहे. तुमचा बोगदा बरोबर हिच्यातून जातोय. उद्या ही जरा जरी सरकली तर बोगद्याचे दोन तुकडे होतील."

साहेबांनी भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मला इथे अडण्यासारखं काही दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"दिसत नाही म्हणजे दिसत नाही, बाई. मला आकडे द्या. मी कागदावर बघतो."

दोन-चार जण गालातल्या गालात हसले. साहेबांचा हेकेखोरपणा सगळ्यांना परिचयाचा होता. ते अक्षरशः खरं बोलत असतील असं त्या खोलीत कुणाच्या मनातही आलं नाही, आणि रेघाताईच्या तर मुळीच नाही.

तिनं आकडे दिले. दुसऱ्या बैठकीत साहेबांनी त्यातले निम्मे मान्य केले, निम्म्यांवर शंका काढल्या, आणि भिंतीवरच्या डोंगराकडे पाहून पुन्हा मान हलवली. आता मात्र रेघाताईच्या कपाळावरची शीर तटतटली.

"सर, एवढी ढळढळीत रेघ आहे. तुम्ही मुद्दाम बघत नाही आहात."

साहेबांनी समोरचे कागद सारखे केले, आणि ते उठून निघून गेले. नंतर संचालकबाईंनी तिला बोलावून घेतलं.

"जरा सबुरीनं घ्या. तुमच्या दुप्पट बोगदे पाहिलेत त्यांनी."

"आवाज चढला असेल माझा, तो खाली आणते," ती म्हणाली. "रेघ आहे तिथेच राहील."

तिचा नवरा इस्पितळात परिचारक होता, दिवसभर माणसांची दुखणी उचलून घरी यायचा. त्या संध्याकाळी तो भांडी विसळत होता आणि ती पुसत होती. तिनं बैठकीचं सगळं रामायण सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू त्यांना पटवतेयस की हरवतेयस?"

तिला राग आला. मग तिनं पुसलेलीच थाळी पुन्हा पुसली.

तिसरी बैठक साहेबांच्या कचेरीत होती. रेघाताई या वेळी कमी बोलायचं ठरवून गेली होती आणि त्यामुळेच तिला इतर गोष्टी दिसायला लागल्या. साहेब कधीच रंगाचं नाव घेत नव्हते. "ती डावीकडची", "वरून दुसरी", "जाड आहे ती", असंच बोलत. शेजारच्या माणसानं नकाशावर खूण करायला लाल पेन मागितलं, तर त्यांनी पेनांचा डबाच पुढे सरकवला, "घ्या तुमचं तुम्ही." डब्यातल्या प्रत्येक पेनाला कागदाची बारीक पट्टी चिकटवलेली होती. एकीवर ‘ला’, एकीवर ‘हि’, एकीवर ‘त’.

रेघाताईची नजर त्या पट्ट्यांवर खिळली. पेनांवर अशा पट्ट्या लावलेल्या तिनं फक्त एकाच माणसाच्या पाहिल्या होत्या, आणि त्या लावायला ती स्वतः मदतीला होती. तो माणूस म्हणजे तिचा थोरला भाऊ.

दादाला आगगाडीचा चालक व्हायचं होतं. लेखी परीक्षेत पहिला आला, धावण्यात पहिला आला, आणि डोळ्यांच्या तपासणीत ठिपक्यांच्या चित्रातला आकडा त्याला वाचता आला नाही. लाल आणि हिरवा त्याच्या लेखी एकच. घरी येऊन तो दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी एका बेकरीत कामाला लागला, आणि आता ती बेकरी त्याची होती.

बैठक संपल्यावर ती कचेरीत परतलीच नाही. काखोटीला लॅपटॉप मारून थेट बेकरी गाठली. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. दादा भट्टीतून पावाचे ट्रे ओढत होता. पाव झाला की नाही हे तो रंगावरून ठरवत नसे. नाक पुढे करून वास घ्यायचा आणि पावाच्या बुडाला बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायचा.

"अगं, या वेळी? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. हे बघ जरा." तिनं पिठाळलेल्या फळीवर लॅपटॉप उघडला. "काय दिसतं?"

"डोंगर."

"आणि?"

"आणि काय? छान डोंगर आहे."

तिनं लाल रेघेवरून बोट फिरवलं. "इथे काही नाही?"

दादा वाकला, डोळे बारीक केले. "रेघ आहे म्हणतेस? असेल बाई. मला आपला डोंगरच दिसतोय."

रेघाताई पिठाच्या पोत्यावर बसली. जिचं एवढं कौतुक झालं, जी पाहुण्यांना दाखवली गेली, ती तिची लालभडक रेघ सख्ख्या भावाच्या डोळ्यांसाठी नव्हतीच.

दादाला हसू आवरेना. "एवढी वर्षं लाल-हिरव्याचा संसार मांडून बसलीस आणि घरातल्या माणसाला एकदा विचारलं नाहीस?"

"सुचलंच नाही रे."

"कुणालाच सुचत नाही. कोण आहे तो?"

"कोण तो?"

"ज्याच्यासाठी धावत आलीस तो."

तिनं सांगितलं, नाव न घेता. उद्या सकाळी त्यांच्याकडे जाऊन सरळ विचारते असंही म्हणाली. दादाचं हसू मावळलं. त्यानं हात झटकले आणि समोर बसला.

"असं करू नकोस. मला मास्तरांनी भर वर्गात विचारलं होतं, पानाचा रंग कुठला. मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तो. सगळा वर्ग हसला, मीही हसलो. पण त्यानंतर चित्रकलेचा तास आला की माझं पोट दुखायचं. शाळा सुटेपर्यंत दुखत होतं."

"मग काय करू? बोगदा खणू देऊ?"

"चित्र बदल. आणि सगळ्यांसाठी बदल. त्यांच्या एकट्यासाठी केलंस तर तो उपकार होईल. सगळ्यांसाठी केलंस तर ते तुझं काम."

हे तिला पटलं. पटलं की ती थांबत नसे. पुढचे काही दिवस ती रोज कचेरी सुटल्यावर बेकरीत जायची, नवं चित्र घेऊन, आणि दादा परीक्षक होऊन बसायचा. हातात फार दिवसांनी अधिकार आल्यामुळे तो निष्ठुर झाला होता.

"हा जांभळा आणि हा निळा माझ्या लेखी जुळे भाऊ. काढ एक."

"आणि हा पिवळा?"

"तो चालेल. तो बिचारा कधी फसवत नाही."

हळूहळू तिच्या ध्यानात आलं की रंगावर तिनं जरा जास्तच भार टाकला होता. मग डोंगर करडा झाला, फक्त सावल्यांनी उठून दिसणारा. जागा फॉल्ट जाड निळी रेघ झाली आणि तिला करवतीसारखे दाते आले. निपचित फॉल्ट बारीक आणि साधा राहिला. जिथे फॉल्ट कुणी प्रत्यक्ष पाहिला नव्हता, केवळ असावा असा अंदाज होता, तिथे ठिपके आले. पूर्वी हा अंदाजाचा भाग फिकट लाल असायचा आणि गडद लालाच्या शेजारी तो तिच्या स्वतःच्या डोळ्यांनाही धड वेगळा कळत नसे.

कचेरीत कुरकुर झाली. कोणी म्हणालं, डोंगर आजारी पडल्यासारखा दिसतो. तिनं ठणकावून सांगितलं, "निम्म्या विभागांकडे रंगीत छपाई होत नाही. काळ्या-पांढऱ्या कागदावर आपल्या सगळ्या रेघा सारख्याच निघतात. आता निघणार नाहीत." हे खरंच होतं, त्यामुळे कुणाला पुढे बोलायला जागा राहिली नाही.

चौथ्या बैठकीत तिनं नवा डोंगर भिंतीवर लावला आणि गप्प बसली.

बोगदेसाहेब नेहमीसारखे खुर्चीत रेलून बसले होते. ते हळूहळू पुढे झुकले. मग उठले, भिंतीपाशी गेले आणि दातेरी रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती मान फिरवत गेले.

"ही केव्हा टाकलीत?"

"पहिल्यापासून आहे, सर. मांडणी तेवढी नवी आहे."

साहेबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती.

"फिरवा," ते म्हणाले. तिनं फिरवला. "आता आडवा कापा. अजून खाली. थांबा." कितीतरी वेळ खोलीत या दोघांचाच आवाज होता. बाकीचे कधी साहेबांकडे, कधी तिच्याकडे बघत राहिले. एवढे दिवस एकमेकांना पाण्यात पाहणारी दोन माणसं अचानक एकाच पुस्तकावर वाकलेल्या विद्यार्थ्यांसारखी झाली होती.

"मार्ग इथून जाऊ शकत नाही," शेवटी साहेब म्हणाले. "बाईंचं बरोबर आहे. पण मला एक सांगा, दोन्ही टोकांना दाते आहेत आणि मध्ये ठिपके. मधलं कोणी पाहिलंय?"

"कोणीच नाही. उत्तरेचा फॉल्ट आणि दक्षिणेचा एकमेकांकडे तोंड करून आहेत, म्हणून ते एकच असावेत असं धरून जोडलेत."

"झुकाव बघा त्यांचा. उत्तरेचा पूर्वेला झुकलाय, दक्षिणेचा पश्चिमेला. हे दोघं कधी भेटतील असं मला वाटत नाही. मध्ये अखंड खडक असेल तर बोगदा तिथून काढता येईल."

रेघाताईनं डोंगर खालून वर फिरवला. दोन्ही फॉल्ट निळ्या पडद्यांसारखे उलट्या दिशांना कललेले स्वच्छ दिसत होते. हे आपण आधी कसं पाहिलं नाही, याचं तिला नवल वाटलं, वाईट मात्र वाटलं नाही. उलट अंगावर छान शहारा आला.

"मलाही आता वाटत नाही," ती म्हणाली. "पण नुसत्या वाटण्यावर बोगदा नको."

"नकोच. बोअर मारू."

डोंगरावर यंत्र चढवलं गेलं. रेघाताई जाड बूट घालून रोज तिथे हजर. यंत्र घरघरत खडकात घुसायचं आणि आतून लांबच लांब दगडी कांड्या बाहेर यायच्या. त्या खोबणीच्या पेट्यांत ओळीनं मांडल्या जायच्या. कांडी अखंड आली तर खडक धड, चुरा आला तर फॉल्ट. पहिल्या बोअरची कांडी हातभर लांब निघाली, गुळगुळीत. सगळ्यांचे चेहरे फुलले. दुसऱ्या बोअरमधून करडा चिखल आणि दगडांचा भुगा आला.

साहेबांचा एक हाताखालचा अभियंता वैतागून म्हणाला, "झालं. आहेच फॉल्ट. पहिले पाढे पंचावन्न."

"आहे, पण कुठला?" रेघाताई लॅपटॉप घेऊन एका पेटीवर बसली. भुगा किती खोलीवर लागला ते भरलं, डोंगर फिरवला. नवा ठिपका उत्तरेच्या फॉल्टच्या निळ्या पडद्यावर अचूक जाऊन बसला. "हा उत्तरेचाच आहे, त्याच झुकावाचा. आपल्याला वाटला त्यापेक्षा लांब आलाय, एवढंच. यंत्र अजून दक्षिणेला न्या."

"किती?"

"त्या समोरच्या खडकापर्यंत. तिथेही भुगा आला तर मीच येऊन तुमचा मार्ग रद्द करते."

अभियंत्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "त्या म्हणतात तिथे न्या."

तिथे अखंड कांडी निघाली. त्याच्या पुढच्या बोअरलाही निघाली, आणि त्याच्या पुढच्यालाही. दोन फॉल्टच्या मध्ये बोगदा जाईल एवढा धडधाकट खडक उभा होता.

शेवटच्या पेट्या भरत असताना साहेब तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. दोघांच्या हातात चहाचे कप होते.

"बाई, तुमचा डोंगर हल्ली हिरवा नसतो."

"नाही, सर."

"बरा दिसतो." त्यांनी एक घोट घेतला. "घरी बायकोला माहीत आहे. शर्ट तीच काढून ठेवते. कचेरीत मी कुणाला पत्ता लागू दिला नाही."

"मला तरी काय माहीत आहे?" ती म्हणाली.

साहेब हसले. तिनं त्यांना हसताना प्रथमच पाहिलं. मग ती म्हणाली, "मी तुम्हाला मुद्दाम बघत नाही म्हणाले होते. चुकलं माझं. सगळ्यांसमोर म्हणाले, तर मागेही सगळ्यांसमोरच घेईन."

"नका घेऊ. कारण विचारतील."

"कारण माझ्यावर सोडा."

आणि पुढच्या बैठकीत, कामकाज सुरू व्हायच्या आधी, तिनं ते शब्द मागे घेतलेच. "मागे मी म्हणाले होते की मुख्य अभियंता मुद्दाम बघत नाहीत. तसं नव्हतं. चित्रच धड नव्हतं आणि चित्र माझं होतं." एवढं बोलून तिनं दिवे मालवायला सांगितले आणि डोंगर लावला. संचालकबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. एवढं मोठं वाक्य एवढ्या सहज कुणाच्या तोंडून निघालेलं त्यांनी त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं.

नवी मांडणी मग सगळ्यांनीच उचलली. रस्तेवाले आले, खाणीवाले आले. कुठल्याही विभागातला एखादा माणूस मागे थांबून हळूच म्हणायचा, "ताई, हे आता जरा बरं दिसतं हो." त्याचं कारण ती कुणाला विचारत नसे.

बोगदा खणून झाला, दोन्हीकडून आलेली माणसं मध्ये एकमेकांना भेटली, आणि पाणी सोडण्याआधी साहेबांनी रेघाताईला आत नेलं. डोक्यावर शिरस्त्राण, पायाखाली ओल, लांबवर दिव्यांची रांग. ज्या डोंगराला तिनं बोटाच्या टोकावर हजारदा फिरवलं होतं, तो आता तिच्या चारी बाजूंना होता आणि तिळभरही हलत नव्हता. दोन फॉल्टच्या मधल्या जागी आल्यावर ती थांबली. भिंतीला तळहात लावला. खडक गार होता, अखंड होता.

थोडं पुढे गेल्यावर तिनं विजेरी वर धरली. छताजवळून हात पोचेल इथवर एक नखाएवढी बारीक भेग तिरकी खाली आली होती.

"ही आपल्याकडे नाही," ती म्हणाली.

"धोक्याची आहे?"

तिनं खिशातून होकायंत्र काढलं, भेगेला समांतर धरलं, झुकाव मोजला, बोटानं आतली माती खरवडून पाहिली. दोन्ही बाजूंचा खडक एकमेकांपासून जराही सरकलेला नव्हता.

"नाही. नुसती तडकलेली आहे, सरकलेली नाही. निवांत पाणी सोडा."

साहेबांनी मान डोलावली आणि ते पुढे चालू लागले. तिनं भेगेचं छायाचित्र घेतलं, अंतर लिहून घेतलं, आणि भरभर पावलं टाकत त्यांना गाठलं.